एकाची मोड

आडतीवर सोयाबीनचं माप झालं आणि चिठ्ठीवर आकडा पडला, ४० क्विंटल ५ किलो. भाव क्विंटलला ४,२०० रुपये धरू. आता कॅल्क्युलेटरवर पहिला आकडा कोणता दाबायचा? बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की काही वह्यांमध्ये ४०.५ हमखास उमटतो. ४०.५ म्हणजे साडेचाळीस क्विंटल, वरचे पन्नास किलो. माल मात्र पाचच किलो जास्तीचा आहे. राहिलेल्या पंचेचाळीस किलोंचे १,८९० रुपये नुसते कागदावर तयार झाले. बरोबर आकडा ४०.०५, आणि रक्कम १,६८,२१० रुपये.

ही चूक आळसातून होत नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक सरळ विचार असतो: चाळीस, मग टिंब, मग पाच. टिंबाच्या पुढचं पहिलं घर क्विंटलच्या दहाव्या भागाचं, म्हणजे दहा किलोंचं आहे, हे त्याला कुणी नीट दाखवलेलं नसतं. पाच किलोंत दहा किलोंचा एकही पुरा भाग बसत नाही, म्हणून त्या घरात शून्य, आणि पाच पुढच्या घरात.

दुकानात पाचशेची नोट पुढे करून आपण विचारतो, "मोड आहे का?" नोट तीच, किंमत तीच, फक्त सुटे हवेत. पूर्ण संख्या, अपूर्णांक आणि दशांश या तिन्ही प्रकरणांत मुळात हेच विचारलेलं असतं: एक मोडला तर सुटे किती, आणि त्यातले आपल्या हातात किती? शाळेत ही तीन प्रकरणं तीन वेगळ्या इयत्तांत, तीन वेगळ्या शिक्षकांकडून येतात, त्यामुळे ती तीन वेगळी गावं वाटतात. कॉलेजच्या वयात पायाभूत अंकगणिताचा वर्ग लावण्याचा खरा फायदा हा, की तिन्ही एका दमात, एका नजरेत येतात.

हा वर्ग लावायला संकोचाचं काहीच कारण नाही. दहावीनंतर कला शाखा घेतली की गणित सुटतं. पदवी होईपर्यंत पाच वर्षं मधे जातात, आणि मग पोलीस भरतीचा पेपर समोर येतो: शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, चार विषयांतला एक अंकगणित. ९० × ६० म्हणजे ५,४०० सेकंद, भागिले १००, प्रश्नाला ५४ सेकंद. परभणी, हिंगोली, बीडच्या अभ्यासिकांमध्ये बसलेली मुलं ट्रिका पाठ करतात ती या ५४ सेकंदांच्या धाकाने. पण ट्रिक चालते ती प्रश्न ओळखीचा असेपर्यंत. आकड्यांची मांडणी जरा बदलली की हात थांबतो, कारण खालचा पाया तपासलेलाच नसतो.

पाया तपासायचा तर सुरुवात संख्या ऐकून लिहिण्यापासून करावी. ही गोष्ट फार किरकोळ समजली जाते, आणि मला ती तशी वाटत नाही. आपण "सत्तावीस" म्हणतो तेव्हा आधी सात उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ७. घाईत २७ चे ७२ होतात ते इथे. त्यात "एकोण" ची भर: एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, ६९, पण कानावर "सत्तर" पडल्यामुळे हात ७९ लिहितो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत नीट चालते आणि ९९ ला मोडते, तिथे "नव्व्याण्णव". २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वादात कुणाचीही बाजू घ्या, अडचण खरी होती हे मान्य करावंच लागतं. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला संख्यांची नावं बदलण्याची गरज नाही. दोघांनी समोरासमोर बसावं, एकाने रोज वीस संख्या सांगाव्यात, दुसऱ्याने लिहाव्यात, आणि लिहिणाऱ्याने शब्द पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवू नये. साधारण पंधरा दिवसांत उलटापालट थांबते.

मोठ्या संख्यांत स्वल्पविरामाचा घोळ असतो. आपण उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंक तोडतो: २५,००,०००. बऱ्याच मोबाईलचे कॅल्क्युलेटर तीन-तीन तोडतात आणि हीच संख्या डोळ्यांना परकी दिसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ती 'जलदूत' गाडी आठवा. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी आली. ५० × ५०,००० करताना ५ × ५ = २५ लिहायचे आणि मग शून्यं मोजायची, एक आणि चार, पाच शून्यं. एक शून्य सुटलं की २५ लाखांचे अडीच लाख होतात. शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास धरली तर २५ भागिले ४, म्हणजे माणशी सव्वासहा लिटर. उत्तर माणसाच्या मापाला आणून पाहिलं की ते शक्य आहे की नाही हे लगेच कळतं. अडीच लाख घेतलं असतं तर माणशी लिटरही भरलं नसतं, आणि तेवढ्यासाठी कुणी रेल्वे धाडत नाही.

वजाबाकीत ५,००३ − १,८६७ हे उदाहरण प्रत्येक वर्गात द्यावं. त्याची दोन चुकीची उत्तरं येतात आणि दोन्ही बोलकी असतात. पहिलं ४,८६४. इथे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलं आहे: तीनातून सात जात नाहीत, तर सातातून तीन. लहानपणी "लहानातून मोठं जात नाही" हे वाक्य इतकं ठसलेलं असतं की हात आपोआप आकडे उलटे करतो. दुसऱ्या प्रकारच्या उत्तरात हातचा घेतलेला असतो, पण शून्याच्या घरात काय झालं ते हरवतं. शून्याकडे मागायला गेलो, त्याच्याकडे काहीच नाही, त्याने शेजाऱ्याकडे मागितलं, त्याच्याकडेही नाही. मग हजारांच्या घरातून एक आला, मोडला, पुढे पुन्हा मोडला, आणि मधल्या घरांत किती उरले याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

याला एक स्वच्छ वाट आहे. ५,००३ कडे पाचशे दशक आणि तीन एकक असं पाहायचं. पाचशे दशकांतला एक दशक मोडला की राहिले चारशे नव्व्याण्णव दशक, आणि एकक झाले तेरा. आता वरचे आकडे ४, ९, ९, १३. त्यातून १, ८, ६, ७ काढा: ३,१३६. एकदाच मोड केली, सगळं जागेवर बसलं. किराणा दुकानदाराची रीत आणखी वेगळी. तो वजा करतच नाही, चढत जातो: १,८६७ वर ३ ठेवले की १,८७०, वर ३० की १,९००, वर १०० की २,०००, वर ३,००० की ५,०००, आणि वर ३. एकूण ३,१३६. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं तर ते पक्कं.

भागाकारात गळतं ते पुन्हा शून्यच. ४,२३५ ÷ ७. बेचाळीसात सात सहा वेळा. खाली घेतला ३. तीनात सात जात नाही, म्हणून घाईने पुढचा ५ पण खाली घेतला, पस्तीसात सात पाच वेळा, उत्तर ६५. तीनात सात शून्य वेळा जातो, आणि तो शून्य वर लिहावाच लागतो, कारण ते दशकाचं घर आहे. बरोबर उत्तर ६०५. चूक पकडायला एक ओळ पुरते: ४,२०० ला सातने भागलं तर ६००, मग ६५ कसे? उदाहरण सोडवण्याआधी असा अंदाज वहीच्या समासात लिहून ठेवण्याची सवय या सगळ्या अभ्यासक्रमात मला सर्वांत मोलाची वाटते.

आणि क्रियांचा क्रम लक्षात ठेवायला शिकवलेला शब्द, "कंचेभागुबेव". कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाठ करायला सोपं, पण शेवटचं "बेव" नडतं. २० − ८ + ५ मध्ये बेरीज आधी म्हणून ८ आणि ५ चे तेरा केले की उत्तर ७ येतं. खरं उत्तर १७. बेरीज आणि वजाबाकी एकाच पंक्तीत बसतात, जी डावीकडे आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. हे वाक्य त्या शब्दाला जोडूनच शिकवलं पाहिजे.

आता अपूर्णांक. इथे सावकाश थांबावं लागतं. पूर्ण संख्यांना दोन आठवडे दिले तर अपूर्णांकांना पाच द्यावेत.

मराठी माणूस अपूर्णांकांत कच्चा असतो असं म्हणणं मला पटत नाही. ज्या भाषेत चतकोर भाकरी आहे, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र शब्द आहेत, पावणेसातची गाडी सगळे वेळेवर पकडतात, त्या भाषेत अपूर्णांक रोज बोलले जातात. आपले आजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठे झाले. अर्धी भाकरी आणि चतकोर मिळून किती, असं कुणालाही विचारा, उत्तर येतं पाऊण. लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) कुणी काढत नाही. त्याच माणसाला १/२ + १/४ लिहून दिलं की कागदावर २/६ येण्याची भीती असते. जिभेवरचं गणित आणि कागदावरचं गणित यांची गाठच पडलेली नाही. वर्गात पहिल्या दिवशी ही गाठ घालून द्यावी.

२/६ का येतं? कारण १/२ कडे एक संख्या म्हणून पाहिलंच जात नाही. वर एक संख्या, खाली एक संख्या, मधे रेघ. मग वरच्यात वरची, खालच्यात खालची. याला उत्तर नियमाने देऊ नये, तुलनेने द्यावं: २/६ म्हणजे तिसरा हिस्सा. अर्ध्या भाकरीत चतकोर घातली आणि भाकरी अर्धीपेक्षा कमी झाली? मग छेदाचा अर्थ सांगावा. छेद हा मोजलेल्या तुकड्यांचा आकडा नसतो, तो तुकड्याची जात सांगतो. एकाची मोड किती तुकड्यांत केली आहे ते खाली, आणि त्यातले हातात किती ते वर. वेगवेगळ्या जातीचे तुकडे एकत्र मोजता येत नाहीत, जसे पाच रुपये आणि पाच पैसे मिळून दहा काही होत नाहीत. १/२ + १/३ करायचं तर दोघांनाही चालेल अशी मोड शोधायची, सहाव्या भागांची: तीन आणि दोन, पाच. उत्तर ५/६.

लसाविबद्दल एक भीती काढून टाकावी. ५/१२ + ७/१८ मध्ये लसावि ३६ सापडला तर १५/३६ + १४/३६ = २९/३६. नाही सापडला तर १२ आणि १८ सरळ गुणून २१६ घ्या: ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६, आणि सहाने संक्षेप केला की पुन्हा २९/३६. आकडे मोठे होतात, उत्तर चुकत नाही. लसाविमुळे काम हलकं होतं, एवढंच. तो न सुचल्यामुळे उदाहरण कोरं सोडणारे विद्यार्थी पाहिले की वाईट वाटतं.

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकवणारी चूक वजाबाकीत आहे. ५ १/४ − २ ३/४. पावातून पाऊण जात नाही, म्हणून पाचातला एक घेतला. इथपर्यंत बरोबर. मग तो एक, सवयीने, एकाच्या डोक्यावर ठेवला जातो: ४ ११/४. अकरातून तीन गेले आठ, ८/४, म्हणजे दोन, आणि चारातून दोन गेले दोन. उत्तर ४. सव्वापाचातून पावणेतीन काढले आणि चार उरले! करणाऱ्याने हातचा घेतला, पण मोड दहाची केली. इथे एक मोडला की चार पाव सुटतात, दहा नाही. ४ ५/४ − २ ३/४ = २ २/४, म्हणजे अडीच.

हीच चूक वेश बदलून सगळीकडे भेटते. ५ एकर १० गुंठ्यांतून २ एकर ३० गुंठे विकले. कॅल्क्युलेटरवर ५.१० − २.३० केलं तर २.८० दिसतं, पण एकर मोडला की गुंठे चाळीस. ४ एकर ५० गुंठ्यांतून २ एकर ३० गुंठे गेले, उरले २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. गाडी ६ वाजून ४५ मिनिटांनी सुटून ९ वाजून १० ला पोचली, ९.१० − ६.४५ केलं तर २.६५ येतं, आणि २ तास ६५ मिनिटं असा प्रवास कुणी करत नाही. तास मोडला की साठ. खरा वेळ २ तास २५ मिनिटं. दहा, चार, चाळीस, साठ, शंभर. हातचा घेताना हा आकडा मनात म्हटला पाहिजे, मोठ्याने म्हटला तर आणखी चांगलं.

वाटण्यांत हे फार जवळून दिसतं. ६ एकर ३० गुंठे तिघांत वाटायचे तर २ एकर १० गुंठे प्रत्येकी, सरळ. चौघांत वाटायचे तर आधी सगळे गुंठे करा: २७०, भागिले ४, साडेसदुसष्ट, म्हणजे १ एकर २७ १/२ गुंठे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. तिघे भाऊ आणि दोघी बहिणी अशी पाच जणांत समान वाटणी धरली तर छेद तीनचा पाच होतो आणि वाटा ५४ गुंठे, १ एकर १४ गुंठे. छेद वाढला की तुकडा लहान होतो, हे पुस्तकात वाचून पटलं नसेल तर इथे पटतं.

अपूर्णांकांचा भागाकार "उलटा करून गुणा" एवढ्यावर शिकवला जातो आणि म्हणून विसरला जातो. साडेचार लिटर दूध आहे, पाऊण लिटरच्या बाटल्या भरायच्या आहेत. किती भरतील? सगळं पावात मोजा. साडेचार लिटर म्हणजे अठरा पाव. पाऊण म्हणजे तीन पाव. अठराला तीनने भागा, सहा. कागदावर ९/२ × ४/३ = ३६/६ = ६. उलटा केलेला चार आणि तीन कुठून आले ते आता दिसतं: चाराने गुणून पाव केले, तीनाने भागून बाटल्या केल्या.

आता दूध पाच लिटर घ्या. वीस पाव, भागिले तीन, ६ २/३. सहा बाटल्या भरल्या आणि उरलं किती? पुष्कळ जण सांगतात, दोन तृतीयांश लिटर. मोजून पाहा. सहा बाटल्यांत साडेचार लिटर गेलं, पाचातून उरलं अर्धा लिटर. मग २/३ कशाचे? बाटलीचे. पाऊण लिटरचे दोन तृतीयांश म्हणजे अर्धा लिटर. भागाकार केल्याबरोबर "एक" बदलला. आधी एक म्हणजे लिटर होता, उत्तरात एक म्हणजे बाटली आहे. सव्वाशे, सव्वा हजार, सव्वा लाख म्हणताना आपण हेच करतो, सव्वा तोच, एक वेगळा.

पाव-अर्ध्याची ही रीत निम्मं-निम्मं करत जाते आणि दशांश दहा-दहा करत जातो. दोन्हींची टक्कर आपल्याकडे नाण्यांत झाली. सोळा आण्यांचा रुपया निम्मा करत गेलं की आठ, चार, दोन, एक, कुठेच अडत नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. शंभर निम्मे करा: पन्नास, पंचवीस, साडेबारा. तिसऱ्याच पायरीला अर्धा पैसा आला. एक आणा ६.२५ पैशांचा झाला. चार, आठ आणि बारा आणे तेवढे २५, ५० आणि ७५ वर नेमके बसले. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चालेनासं झालं, तरी "चार आणे हिस्सा" म्हटलं की गावात अजून सगळ्यांना कळतं. पिकाचा अंदाज सांगणारी आणेवारी कागदावर पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या आत की वर यावर मराठवाड्यात किती घरांचं वर्ष अवलंबून राहिलं आहे ते इथल्यांना सांगायला नको. पारावर मात्र अजूनही शब्द आणेवारीच. आठ आणे म्हणजे ०.५०, हे रूपांतर इथल्या माणसाने फार आधी करून ठेवलेलं आहे.

दशांशांतली मोठी अडचण वाचनाची. ०.३५ "शून्य पॉइंट पस्तीस" असं वाचलं की पस्तीस हे चारपेक्षा मोठे वाटतात, आणि ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं ठरतं. "शून्य पूर्णांक तीन पाच" असं एकेक अंक वाचावं. तुलना करताना ०.४ ला ०.४० लिहून घ्यावं, म्हणजे चाळीस शतांश विरुद्ध पस्तीस शतांश. सातबाऱ्यावर तर यावरून प्रत्यक्ष जमीन हलते. तिथे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहितात. ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. दोन टिंबांची ही संख्या दशांश नव्हे, तरी दुसरं टिंब काढून ०.४०५० हेक्टर लिहिलं तर चालतं, कारण हेक्टर मोडला की शंभर आर आणि आर मोडला की शंभर चौरस मीटर. ४ आर लिहिताना मात्र ०.०४ लिहायचं. ०.४ लिहिलं की चार आरचे चाळीस आर, म्हणजे जवळजवळ एक एकर.

बेरीज-वजाबाकीत टिंबाखाली टिंब, आणि गुणाकारात ते बंधन नाही, हे सांगितलं जातं. का, ते सांगितलं जात नाही. बेरीज एकाच जातीच्या तुकड्यांची होते म्हणून घरं जुळवायची. गुणाकारात तुकड्याचा तुकडा होतो: ०.३ × ०.२ म्हणजे दशांशाचा दशांश, ३/१० × २/१० = ६/१००, म्हणून ०.०६. चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस आखून तीन उभ्या पट्ट्या आणि दोन आडव्या पट्ट्या रंगवाव्यात. जिथे दोन्ही रंग चढतात त्या चौकटी सहाच असतात, शंभरातल्या. फवारणीचं औषध लिटरला २.५ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला २.५ × १५ = ३७.५ मिली. टिंब एक घर सरकलं तर ३७५ मिली होतं आणि पीक जळतं, किंवा ३.७५ होतं आणि कीड तशीच राहते. आधी अंदाज केला असता, पंधरा दुणे तीस, अडीच पट त्याहून थोडं जास्त, तर दोन्ही चुका कागदावरच सापडल्या असत्या.

सगळे अपूर्णांक दशांशात सुखाने मावत नाहीत, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात पडलेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा रुपया हाली सिक्का, आणि बाहेरचा तो कलदार. पुढे भारतीय रुपया इथे सुरू झाला तेव्हा सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा हिशोब होता. हाली सिक्का १९५९ मध्ये पूर्ण बंद झाला. एका हालीचे भारतीय किती? ६ भागिले ७. करून पाहू. साठात सात आठ वेळा, बाकी ४. चाळीसात पाच वेळा, बाकी ५. पन्नासात सात वेळा, बाकी १. दहात एकदा, बाकी ३. तीसात चार वेळा, बाकी २. वीसात दोन वेळा, बाकी ६. आणि सहाचे साठ, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. उत्तर ०.८५७१४२, पुन्हा ८५७१४२, असंच पुढे. बाक्या पाहा: ४, ५, १, ३, २, ६. सातने भागताना शून्य सोडून बाकी फक्त सहा प्रकारची उरू शकते, त्या सहाही येऊन गेल्या, आता कोणती तरी पुन्हा येणारच. संक्षेप केल्यावर छेदात दोन आणि पाच यांच्याशिवाय दुसरा मूळ अवयव असेल तर दशांश संपत नाही, कारण दहाची मोड दोन आणि पाच यांचीच बनलेली आहे.

म्हणून आकडा राउंड कधी करायचा याला महत्त्व येतं. १०,००० हालीचे भारतीय रुपये काढताना दर आधीच ०.८६ करून ठेवला तर ८,६०० येतात. ६०,००० ला शेवटी सातने भागलं तर ८,५७१.४३. साडेअठ्ठावीस रुपयांचा फरक, आणि तो चुकीच्या भागाकाराचा नाही, घाईने केलेल्या गोळाबेरजेचा आहे. जोपर्यंत हिशोब चालू आहे तोपर्यंत अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावा.

सरावाचं थोडक्यात सांगायचं तर रोज पाऊण तास, दहा उदाहरणं, चौकटीची वही. चुकलेलं उदाहरण खोडू नये. शेजारी एका ओळीत चुकीचं कारण लिहावं: "मोड दहाची केली", "शून्य लिहिला नाही", "टिंब सरकलं". महिन्याभराने वही चाळली की आपल्या चुका पन्नास नसून चारच आहेत, त्याच परत परत झाल्या आहेत, हे दिसतं. सेमी इंग्रजीतून आलेल्यांना "डिनॉमिनेटर" माहीत असतो आणि बाकीच्यांना "छेद". फळ्यावर दोन्ही शब्द लिहावेत, नाहीतर अर्धा वर्ग उगाच मागे राहतो.

दशांशांच्या शेवटी शेकडेवारीचं दार उघडतं, आणि तिथे पहिला प्रश्न जायकवाडीचा घालावा. मूळ आराखड्याप्रमाणे नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा २,१७१ आणि मृतसाठा ७३८. बातमीत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते; तिथे एक म्हणजे २,१७१. धरण ५० टक्के झालं म्हणतात तेव्हा १,०८५.५ अधिक ७३८, म्हणजे एकूण १,८२३.५ पाणी असतं आणि २,९०९ मध्ये त्याचे सुमारे ६२.७ टक्के होतात. आणि साठा शून्य टक्के अशी बातमी येते तेव्हा ७३८ भागिले २,९०९ करून पाहावं: ०.२५ आणि थोडं वर. पावाहून जरासं जास्त पाणी तेव्हाही तळाशी असतं, कालव्यात मात्र येत नाही.